ब्रुस्केत्तासाठी बिडाचा ग्रिल पॅन: घ्यावा का?

ब्रुस्केत्ता म्हणजे भाजलेल्या पावावर लसूण, ऑलिव्ह तेल आणि टोमॅटो घालून केलेला इटालियन पदार्थ. ‘ब्रुस्केत्ता’ हे नाव रोमकडच्या बोलीतल्या ‘ब्रुस्कारे’वरून आलं, म्हणजे निखाऱ्यावर भाजणं. (उच्चार ‘ब्रुशेटा’ नव्हे.) पदार्थाचा जीव पाव भाजण्यात आहे, टोमॅटो नंतरचा. घरच्या गॅसवर निखाऱ्याच्या जवळपास जायचं तर बिडाचा कंगोरेदार ग्रिल पॅन फार उपयोगी. पाव फक्त कंगोऱ्यांवर टेकतो, मधली वाफ निघून जाते आणि तळ ओला राहत नाही.

पुण्यात तुळशीबागेत किंवा रविवार पेठेत पॅन बघताना आधी कंगोऱ्यांवर बोट फिरवा. 4-5 मिलिमीटर उंची हवी. त्याहून बुटके असतील तर मऊ पाव खाली बसतो, वाफ अडकते आणि टोस्ट चिवट होतो. मग पॅन सपाट फरशीवर ठेवून बघा. डुगडुगत असेल तर घेऊ नका.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या तापवण्यात. बीड उष्णता सावकाश पसरवतं. मोठ्या आचेवर ठेवलं की बर्नरच्या वर्तुळावरचा पाव करपतो, कोपऱ्यातला पांढराच राहतो. कोरडा पॅन मंद ते मध्यम आचेवर 7-8 मिनिटं तापवा. पाण्याचा थेंब पडताच तडतडून उडाला की झालं. पॅनमध्ये तेल घालायचं नाही. ते कंगोऱ्यांच्या खाचांत जळतं, धूर होतो, पावाला कडवट वास लागतो.

पाव दीड सेंटिमीटर जाड, एक दिवसाचा शिळा. सावरडो (नैसर्गिक आंबवणाचा पाव) उत्तम, नसेल तर कॅम्पातल्या बेकऱ्यांमधला कडक ब्रून पाव आडवा कापून वापरा, चांगला जमतो. साध्या सँडविच ब्रेडमध्ये साखर असते, त्यामुळे तो आतून वाळायच्या आधीच वरून काळा पडतो. पहिली बाजू 2 मिनिटं, दुसरी दीड. उलथन्याने दाबू नका.

टोस्ट उतरवल्या उतरवल्या लसणाची कापलेली पाकळी वर घासा. गरम, खरखरीत पृष्ठभाग किसणीचं काम करतो. गार झाल्यावर तेवढा लसूण उतरत नाही. तीन-चार कापांना एक पाकळी पुरते. मग प्रत्येक कापावर चमचाभर एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल.

चार कापांना 250 ग्रॅम टोमॅटो लागतात. मंडईत लांबट, जाड गराचे निवडा. गावरान चवीला छान, पण पाणी फार. बिया काढा, बारीक चिरा, अर्धा चमचा मीठ लावून 15 मिनिटं चाळणीत निथळत ठेवा. ही पायरी गाळली की टोस्ट भिजलाच. बेसिलची पानं शेवटी हाताने तोडून घाला. आपली तुळस इथे चालत नाही, तिचा लवंगेसारखा उग्रपणा टोमॅटोवर मात करतो. वाढायच्या क्षणीच टोमॅटो वर घाला, पाच मिनिटांत पाव मऊ पडू लागतो.

पॅनचे तोटे खरे आहेत: जड आहे, मूठ तापते, खाचा घासायला वेळ जातो. महिन्यातून एकदाच टोस्ट करणाऱ्यांनी घरचा बिडाचा डोसा तवाच वापरावा. रंग सारखा येतो, कुरकुरीतपणा थोडा कमी. ग्रिल पॅन घेतलात तर त्यात टोमॅटो शिजवू नका, आंबटपणामुळे तेलाचा बसलेला थर निघतो. गरम पाणी आणि ताठ ब्रशने घासा, लगेच आचेवर वाळवा आणि तेलाचं अगदी पातळ बोट फिरवून ठेवा.