मातीचा नकाशा बघू की माती टेस्ट करू? (गोव्यात जमीन बघणाऱ्यांसाठी)

सत्तरी, धारबांदोडा साईडला प्लॉट बघणारे हल्ली सारखं विचारतात, सरकारी मातीच्या नकाशावर भरवसा ठेवू की सॉइल हेल्थ कार्ड (माती तपासून मिळणारा सरकारी रिपोर्ट) काढू. माझं मत आधीच सांगते. जमीन अजून घेतली नसेल तर नकाशा बघा आणि खड्डा खणा, घरचीच जमीन असेल तर सरळ कार्ड काढा.

नकाशे बनवते नागपूरची राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरो, 1976 पासूनची. राज्याचा जो नेहमीचा नकाशा आहे तो 1:2,50,000 स्केलचा, म्हणजे कागदावरच्या एका चौरस सेंटीमीटरात 625 हेक्टर, त्यात तुमचा अर्धा एकर कुठे शोधणार? शिवाय एकाच रंगात दोन-तीन माती एकत्र धरलेल्या आणि नावं अमेरिकन पद्धतीची, वाचून डोकं गरगरतं. पण खोली, निचरा, उतार, धूप यांचा अंदाज तिथेच मिळतो, कार्डावर यातलं काहीच नसतं. आता 1:10,000 चं काम चालू आहे, तिथे एक चौरस सेंटीमीटर म्हणजे एक हेक्टर, तुमच्या भागाचं झालं असेल तर फारच उत्तम.

कार्ड 2015 मध्ये आलं. पीएच (माती किती आंबट), ईसी (माती किती खारी), सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक आणि जस्त-बोरॉनसारखी सूक्ष्म द्रव्यं मिळून 12 गोष्टी. आपल्या जांभ्या मातीसाठी पीएचच खरा कामाचा, कारण माती आंबट असली की लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद धरून बसतात, तुम्ही खत ओतत राहा, झाडाला काय मिळत नाही. चुना किती टाकायचा ते या आकड्यावरून ठरतं. फक्त एक बघा, कार्डाच्या योजनेत जमिनीचे चौकोन पाडून कोरडवाहूला 10 हेक्टरला आणि पाण्याखालच्या जमिनीला अडीच हेक्टरला एक सॅम्पल धरलेलं, तेव्हा कार्डावरची माती शेजाऱ्याची पण असू शकते. स्वतःचं सॅम्पल स्वतः द्या, बांधाजवळचं किंवा शेणाच्या ढिगाकडचं घेऊ नका, सावलीत वाळवा.

आणि ते सॅम्पल वरच्या 15-20 सेंटीमीटरचं असतं. भरडीवर, म्हणजे उंचावरच्या खडकाळ जमिनीवर, कार्ड मस्त येतं आणि हातभर खाली चिरा (जांभा दगड)! तिथे काजू एखादवेळेस निभावेल, सुपारीचं कुळागर विसरा.

खाजनाची, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतजमिनीची, गोष्टच वेगळी. नकाशा खारी जमीन म्हणून एक पट्टा दाखवून मोकळा होतो, पण मे महिन्यातली ईसी आणि दोन-तीन मोठ्या पावसांनी धुतल्यानंतरची ईसी यात भरपूर फरक, आणि मानस (बांधातलं खारं पाणी अडवणारं दार) नीट बंद होत नसेल तर दोन्ही आकडे फुकट. कोरगुट (खारं पाणी सोसणारं भात) लावायचं की दुसरं बियाणं हे ठरवायला पेरणीच्या तोंडावरचं सॅम्पल घ्या.

खड्डा दीड मीटर तरी पाहिजे, उताराच्या वर एक आणि खाली एक. मालक खणायला देत नसेल तर खाली चिराच आहे असं धरून भाव करा.