यॉर्कची मेरी वुड की डेटनचा कामगार विभाग?

कर्मचारी व्यवस्थापन या व्यवसायाची सुरुवात शोधताना दोन ठिकाणे पुढे येतात. इंग्लंडमधील यॉर्क येथे क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या राउनट्री कुटुंबाच्या कोको व चॉकलेटच्या कारखान्यात 1896 मध्ये मेरी वुड यांची नेमणूक झाली. स्त्री कामगारांचे आरोग्य, वर्तन आणि विरंगुळा यांकडे पाहणे हे त्यांचे काम होते. त्यात आपुलकी होती, तशी थोडी पालकगिरीही होती.

अमेरिकेतील डेटन येथे नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीची वाट वेगळी होती. मालक जॉन पॅटरसन यांनी कामगारांसाठी भोजनगृह, ग्रंथालय अशा सोयी आधीच केल्या होत्या, तरीही 1901 मध्ये संप आणि टाळेबंदी झालीच. त्यानंतर त्यांनी तक्रारी, बडतर्फी, सुरक्षितता आणि मुकादमांचे प्रशिक्षण हाताळणारा स्वतंत्र कामगार विभाग उभारला. आजच्या एचआर (मनुष्यबळ) विभागाशी त्याचे साम्य अधिक दिसते.

तरीही ‘व्यवसाय’ या शब्दावर भर दिला, तर माझा कौल यॉर्ककडे जातो. डेटनचा विभाग एका मालकाच्या इच्छेने चालत होता. यॉर्कमध्ये मात्र 1913 साली निरनिराळ्या कारखान्यांतील कल्याण अधिकाऱ्यांची संघटना स्थापन झाली, आणि नावे बदलत ती कर्मचारी व्यवस्थापकांच्या आजच्या ब्रिटिश सनदी (राजसनद मिळालेल्या) संस्थेपर्यंत, म्हणजे सीआयपीडीपर्यंत, पोहोचली. आपल्याकडेही 1948 च्या कारखाने अधिनियमाने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात अधिकारी नेमणे बंधनकारक केले, तेव्हा पदनामात ‘कल्याण’ हाच शब्द आला.