संमतीने की लढून? पुण्यात घटस्फोटाचा अर्ज देण्याआधी

शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात अर्ज दोन प्रकारे देता येतो: दोघांनी मिळून, किंवा एकाने दुसऱ्याविरुद्ध. इथे हिंदू विवाह कायदा, १९५५ धरला आहे.

संमतीच्या अर्जाला (कलम १३-ब) कारण सिद्ध करावे लागत नाही. किमान वर्षभर वेगळे राहिलेले असावे. एकाच फ्लॅटमध्ये राहूनही नवरा-बायकोचे नाते उरले नसेल, तर तेही वेगळे राहणेच. अर्ज दिल्यावर सहा महिने थांबावे लागते. मात्र वेगळे होऊन दीड वर्ष झाले असेल आणि पोटगी, मुले, सगळेच मिटले असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालाच्या आधारे ही मुदत माफ करण्याचा अर्ज करता येतो.

एकतर्फी अर्जात क्रूरता, दोन वर्षांचा परित्याग (जोडीदाराला सोडून जाणे), व्यभिचार यांसारखे कारण पुराव्याने सिद्ध करावे लागते. नुसते ‘पटत नाही’ चालत नाही. समन्स, कैफियत (समोरच्याचे लेखी उत्तर), समुपदेशन, मग उलटतपासणी अशा तारखा पडत जातात. समोरच्याचा पत्ता जुना असेल तर समन्स बजावण्यातच कित्येक महिने जातात, म्हणून सध्याचा पत्ता आधी पक्का करा.

तरीही मारहाण होत असेल किंवा समोरचा उत्पन्न लपवत असेल, तर केवळ लवकर सुटका म्हणून संमतीवर सही करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. लढतीत कलम २४ खाली अंतरिम पोटगी मागता येते आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानंतर दोघांनाही मालमत्ता व देण्यांचे शपथपत्र द्यावे लागते. संमतीने जायचे असेल तर पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ आणि बँकेचे उतारे सहीआधी मागून घ्या.

संमतीची खरी परीक्षा अटींच्या कागदावर होते. ‘वडील मुलाला सोयीनुसार भेटतील’ असे लिहिले की भांडण ठरलेलेच. त्याऐवजी लिहा: दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सकाळी ११ ते रविवारी संध्याकाळी ६, आणायचे कोणी, सोडायचे कोणी, दिवाळीची सुट्टी कशी वाटायची, शाळेची फी कोण भरणार, खर्चाची रक्कम दरवर्षी किती वाढणार. मुलाच्या पोटगीवर आई किंवा वडिलांनी पाणी सोडले तरी मुलाचा हक्क जात नाही. ताब्याचा आदेशही, कुठल्याही वाटेने झालेला असो, परिस्थिती बदलल्यास मुलाच्या हितासाठी बदलून घेता येतो. पाच वर्षांखालील मूल सहसा आईकडे राहते. पण निर्णय मुलाच्या हितावर होतो, कोणाची बाजू बरोबर यावर नाही.

हुकूमनामा, म्हणजे न्यायालयाचा घटस्फोटाचा अंतिम आदेश, होईपर्यंत संमती मागे घेता येते. म्हणून एकरकमी पोटगी सगळी आधीच देऊ नका. काही भाग अर्जाच्या वेळी, उरलेला अंतिम तारखेला डिमांड ड्राफ्टने. फौजदारी केस चालू असेल तर ती घटस्फोटाने आपोआप संपत नाही. ती मिटवायला कोण, केव्हा सही करणार, हेही अटींत आणा. नंतर अट मोडली तर त्याच न्यायालयात दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करावी लागते, आणि संदिग्ध अटीची अंमलबजावणी अवघड जाते.

संमतीच्या हुकूमनाम्यावर अपील नाही. लढून मिळालेल्यावर आहे, त्यामुळे अपिलाची मुदत संपेपर्यंत, आणि अपील दाखल झालेच तर ते फेटाळले जाईपर्यंत, दुसरे लग्न ठरवू नये.