प्रागमध्ये रस्त्यावर पैसे बदलताना आमचे ४६५ युरो गेले. मूल होण्याच्या उपचारांसाठी जाणाऱ्यांनो, वाचा

नाव देत नाही, कारण आम्ही तिथे कशासाठी गेलो होतो हे घरी कुणालाच माहीत नाही. सासरी-माहेरी सांगितलंय की आठवडाभर फिरायला गेलोय. म्हणूनच फसल्यावर फोन करून रडायलाही कुणी नव्हतं.

आम्ही जर्मनीत राहतो. तिथे १९९०च्या भ्रूणसंरक्षण कायद्यामुळे डोनर एगला, म्हणजे दुसऱ्या बाईचं बीजांड घेऊन मूल होण्याच्या उपचाराला, बंदी आहे, म्हणून प्राग. चेक कायद्यात डोनर निनावी राहते आणि उपचार घेणारी बाई ४९च्या आतली लागते. मी ४३. डोनरची बीजांडं काढतात त्या दिवशी नवऱ्याने नमुना द्यायचा, पाचव्या दिवशी ट्रान्सफर, म्हणजे भ्रूण माझ्या गर्भाशयात सोडायचा. मधले दिवस रिकामे. खोलीत बसलं की डोक्यात नको ते विचार येतात, त्यामुळे या दिवसांत प्रत्येक जोडपं फिरतंच. चार्ल्स पूल, किल्ला, जुन्या शहराचा चौक. आम्हीही फिरलो, यात आमचं काय चुकलं?

बीजांडं काढल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला लॅबचा फोन आला. ११ पैकी ८ बीजांडं फर्टिलाइज झाली. आम्ही तेव्हा चौकातल्या १४१०च्या घड्याळाखाली, अकराला बाहेर येणाऱ्या बाहुल्यांची वाट बघत उभे होतो. मी नवऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होते. ज्याने पुढे आम्हाला फसवलं तो माणूस आम्हाला तेव्हापासूनच बघत असणार, असं मला आता वाटतं.

पैसे बदलायची गरज खरी होती. अपार्टमेंटच्या मालकाला सहा रात्रींचे १४,४०० कोरुना रोख हवे होते. चेक प्रजासत्ताक २००४ पासून युरोपीय संघात आहे, पण चलन अजून कोरुनाच. आदल्या रात्री एटीएमने 'आमच्या दराने रूपांतर करू का' असं विचारलं, आम्ही घाईत हो म्हटलं आणि चांगलेच पैसे कापले गेले. (तिथे कायम नकार द्या, हिशोब तुमच्या बँकेला करू द्या.) म्हणून एटीएमचं नाव नको झालं होतं. चौकाजवळच्या दुकानावर 'कमिशन ० टक्के' अशी मोठी पाटी होती आणि आत दर एका युरोला २१.५. खरा दर २५च्या आसपास. नवरा चिडून बाहेर आला, आणि दारातच हा माणूस. स्वच्छ जाकीट, चांगलं इंग्रजी. "आत लुटतात हो, मी २६ देतो."

बँकेपेक्षा जास्त दर रस्त्यावरचा माणूस का देईल? एवढा एक प्रश्न विचारला असता तर! नवरा रोज आकडेमोड करणारा माणूस, मी हिशोबाला पक्की, आणि दोघांनाही तो सुचला नाही.

६०० युरो दिले. त्याने आमच्यासमोर १५,६०० मोजले, मीही मनात मोजले. मग "एक नोट कमी वाटतेय" म्हणत गड्डी परत घेतली, पुन्हा मोजली, घडी घालून नवऱ्याच्या हातात दिली. तेवढ्यात त्याचा साथीदार बाजूने "पोलिस, पोलिस" म्हणत गेला. नवरा म्हणाला, "अगं, चल लवकर."

माझी नजर घडीच्या कडेवर गेली होती. वर जांभळट रंग, खाली निळा. चेक हजाराची नोट जांभळी असते आणि तशी एक खरी नोट माझ्या पर्समध्ये होती. तीच काढून शेजारी धरायची होती. मला वाटलं, नव्या-जुन्या नोटा असतील. हे आठवलं की अजून अंगाची आग होते.

पुलावर जाऊन घडी उघडली. हजाराच्या दोन नोटा आणि वरचे ६०० खऱ्या कोरुनात. बाकीच्या १३ नोटांवरही १००० छापलेलं, पण खाली 'फोरिंट'. हंगेरीचं चलन! बँकेत त्या तेरा नोटांचे मिळाले ३१ युरो. खऱ्या कोरुनांचे १०४ धरा. गेले ४६५.

आम्ही हावरे नाही. कोरुना घरभाड्यासाठी हवे होते, चैनीसाठी नाही.

पोलिस ठाण्यात दोन तास चाळीस मिनिटं बसवून ठेवलं. माझी प्रोजेस्टेरॉनची (गर्भ टिकण्यासाठीच्या हार्मोनची) वेळ दुपारी दोनची, ती औषधं मी तिथल्या शौचालयात घेतली. दुभाष्या नाही. आला तो अर्ध्या तासात जायच्या घाईत. अधिकारी पुन्हा पुन्हा एकच म्हणाला, तुम्ही स्वतःच्या हाताने दिलेत. त्या चौकात कॅमेरे दिसतात, फुटेज बघा म्हटलं तर 'अर्ज करा'. अर्ज कुठे? दुसऱ्या इमारतीत. तिथे गेलो तर बंद. वर आम्हालाच प्रश्न, परवाना नसलेल्या माणसाशी व्यवहार का केलात? अहो, तो परवानाधारक दुकानाच्या दारात उभा होता, रोज उभा राहत असणार, तुमच्या डोळ्यांसमोर! विमा कंपनीचं उत्तर चार ओळींत आलं: स्वेच्छेने दिलेली रोकड भरपाईत येत नाही.

आणि कळलं काय, तर १ एप्रिल २०१९ पासून तिथे कायदाच आहे. दुकानात बदललेले १,००० युरोंपर्यंतचे पैसे तीन तासांत परत करून व्यवहार रद्द करता येतो. पावती मात्र हवी. त्या २१.५वाल्या दुकानात बदलले असते तरी सुटलो असतो. रस्त्यावर पावती कोण देतं?

नोटेवर 'चेस्का नारोदनी बांका' वाचल्याशिवाय जागचे हलू नका. कुणी पोलिस म्हणून ओरडलं तर मुद्दाम तिथेच थांबा. मोजलेली गड्डी परत मागितली की व्यवहार तिथेच मोडा. आणि लॅबचा फोन येणार असेल त्या सकाळी पैशाचं कुठलंही काम काढू नका, तेव्हा आपण आपल्यात नसतो.

मालकाचे १४,४०० शेवटी कार्डावर काढले. ट्रान्सफर ठरल्या दिवशी झाली. तक्रारीची प्रत पूर्ण चेकमध्ये आहे, आम्हाला एक अक्षर कळत नाही. ती मी भ्रूणांच्या अहवालाच्याच फाइलला लावून ठेवलीय. सात आठवडे झाले, ठाण्यातून एक फोन नाही.