कार्बन तंतूवर लेप : पॉलिअ‍ॅनिलिन की पॉलिपायरोल?

पॉलिअ‍ॅनिलिन आणि पॉलिपायरोल हे दोन्ही वीजवाहक पॉलिमर. अ‍ॅनिलिनच्या किंवा पायरोलच्या द्रावणात कार्बन तंतू बुडवून वीज दिली की त्यांचा थर तंतूवर चढतो. तंतूवरचं साइझिंग (कारखान्यात दिलेला संरक्षक लेप) काढायचं आणि तीन इलेक्ट्रोडचा सेल जोडायचा, हे दोन्हीकडे सारखंच. फरक पडतो तो त्यापुढे.

पॉलिअ‍ॅनिलिनची बाजू कमजोर नाही. अ‍ॅनिलिन स्वस्त आहे. सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये साधारण −०.२ ते ०.८ व्होल्ट (सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड संदर्भाने) असं व्होल्टेज वर-खाली फिरवत फेऱ्या लावल्या की दर फेरीला विद्युतप्रवाहाच्या आलेखातली शिखरं उंचावतात. थर चढतोय हे समोर दिसतं. पॉलिपायरोलमध्ये काळ्यावर काळा थर, बघून काही कळत नाही. त्यात पायरोल बाटलीतच काळवंडतं, वापरण्याआधी ऊर्ध्वपातन आलंच. (खरं तर अ‍ॅनिलिनलाही ते हवं, पण त्याच्या तपकिरी रंगाकडे काणाडोळा करणारे कमी नाहीत.)

माझं मत फिरलं ते धुताना. सात मायक्रोमीटर जाडीचे तीन हजार तंतू एका जुडग्यात, आणि त्यांच्या फटीफटीत अ‍ॅसिड. साध्या डिस्टिल्ड पाण्याने धुवावं तर सामू चारच्या वर सरकतो, थराची वाहकता ज्यांच्यावर टिकते ते प्रोटॉन निघून जातात, हिरवा थर निळसर होतो आणि मल्टिमीटरवर रोध चढत जातो. न धुवावं तर अ‍ॅसिड आतच राहतं. सौम्य अ‍ॅसिडने धुतलं तर पुन्हा तेच. एवढं सांभाळून जुडगा इपॉक्सी रेझिनमध्ये घातला, तर ते घट्ट करणारा अमाइन हार्डनर स्वतःच आम्लारी. उरलेले प्रोटॉन तो काढून घेतो. याचा मला मनस्वी कंटाळा आला.

पायरोलचं काम सोडियम पॅरा-टोल्युइन सल्फोनेटच्या जवळजवळ उदासीन द्रावणात ०.७ व्होल्टच्या आसपास होतं. सल्फोनेट आयन थरातच अडकून बसतो, त्यामुळे मनसोक्त धुता येतं. एक पथ्य मात्र पाळायचं: व्होल्टेज एकच्या पुढे गेलं की अतिऑक्सिडीकरण होतं आणि गेलेली वाहकता परत येत नाही. बाहेरच्या तंतूंवर जाड थर आणि आतले कोरडे, ही रड दोन्हीकडे आहे. जुडगा पसरून ताणून धरला की कमी होते.

तुमचा तंतू सुपरकपॅसिटरसाठी (वीज साठवणाऱ्या, झटपट चार्ज होणाऱ्या साधनासाठी) असेल आणि शेवटपर्यंत अ‍ॅसिडातच राहणार असेल, तर धुण्याचा प्रश्नच मिटतो. तिथे पॉलिअ‍ॅनिलिन घ्यायला माझी हरकत नाही. पण रेझिनमध्ये जाणाऱ्या तंतूसाठी मी तरी पायरोलच मागवतो, आणि ऊर्ध्वपातन झालं की लगेच फ्रीजमध्ये, अंधारात ठेवतो.