पिकअपला स्पोर्ट बार लावावा का? वापरून पाहिल्यावरचं माझं मत

माझं काम पंप दुरुस्तीचं. सबमर्सिबल मोटर, केबलची वेटोळी, चेनपुली, पान्यांची पेटी आणि तीन-तीन मीटरचे पाइप, हे सगळं घेऊन रोज फिरावं लागतं. डबल केबिन पिकअपचा हौदा असतो जेमतेम दीड मीटरचा. त्यामुळे पाइप एकतर फाळका पाडून न्यायचे, नाहीतर तिरके उभे करून. केबिनमागे भक्कम बार असेल तर पाइपांची पुढची टोकं त्यावर टेकवता येतील, हा विचार मनात आला आणि मी स्पोर्ट बारच्या, म्हणजे केबिनमागे हौद्यावर बसवायच्या नळ्यांच्या कमानीच्या, मागे लागलो. कामातल्या माझ्या जोडीदाराच्या गाडीवर तो आधीपासून बसवलेला आहे. विकत घेण्याआधी त्याचीच गाडी मागून घेतली, कामावर फिरवली, बारखाली आडवा होऊन त्याचे पाय तपासले. त्यातून जे कळलं ते लिहितोय.

हा बार ७६ मिलिमीटर व्यासाच्या स्टेनलेस स्टीलच्या नळीचा आहे. वरच्या आडव्या नळीत ब्रेक लाइट बसवलेला. पाय हौद्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर बोल्टने आवळलेले.

दिसायला तो सुंदर दिसतो. डबल केबिनची गाडी बाजूने पाहा, केबिन एकदम संपते आणि तिथून पुढे सपाट हौदा सुरू होतो. बारच्या तिरक्या नळ्या तो तुटकपणा भरून काढतात. फोर्डच्या रेंजर वाइल्डट्रॅकवर असा बार कंपनीच बसवून देते, तो उगाच नाही. आपली गाडी आपल्याला आवडावी, हे पुरेसं कारण आहे. फक्त तेच कारण असेल तर दुसरं कारण शोधत बसू नये, कारण खरी गडबड तिथूनच सुरू होते.

बारची दोन्ही टोकं हातांनी धरून पुढे-मागे जोर लावून पाहा. नजर नळीवर ठेवू नका, पायाखालच्या पत्र्यावर ठेवा. मी असं केलं तेव्हा नळी तसूभर वाकली नाही, पण हौद्याची भिंत हलताना स्पष्ट दिसली. बार कितीही जाड असला तरी तो उभा आहे पातळ पत्र्यावर. तो पत्रा माल आत ठेवण्यासाठी घडवलेला आहे, वरून येणारं वजन पेलण्यासाठी नाही. या बारबद्दलचं माझं सगळं मत या एका निरीक्षणातून आलं आहे.

बरेच विक्रेते याला सरसकट रोल बार म्हणतात. गाडी उलटली तर केबिन वाचेल, असं गिऱ्हाईक मनाशी धरतं आणि कोणी त्याला दुरुस्त करत नाही. शर्यतीच्या गाड्यांमध्ये जीव वाचवणारा पिंजरा कसा असावा लागतो, ते एफआयए या मोटर शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या नियमांत लिहिलेलं आहे. मुख्य कमान सांधा नसलेल्या, थंड ओढलेल्या पोलादी नळीची, ४५ मिलिमीटर व्यासाला अडीच मिलिमीटर जाडी किंवा ५० ला दोन. प्रत्येक पायाखाली किमान तीन मिलिमीटर जाडीची, १२० चौरस सेंटिमीटरची प्लेट. ८.८ ग्रेडचे (ही बोल्टच्या मजबुतीची श्रेणी), एम ८ म्हणजे ८ मिलिमीटर मापाचे किमान तीन बोल्ट. शिवाय ती कमान माणसं बसतात त्याच सांगाड्याला जोडलेली असते. पिकअपमध्ये केबिन वेगळी आणि हौदा वेगळा. दोन्ही चासीवर स्वतंत्रपणे बसवलेले. गाडी उलटली तर हौद्याच्या भिंतीवरच्या बारने केबिनचं छत वाचवावं, ही अपेक्षा कशाच्या जोरावर करायची? ज्याचा तसा चाचणी अहवाल नाही तो बार शोभेचा समजावा. घरच्यांना गाडीत बसवताना मनात खोटा भरवसा असू नये, म्हणून हे इतकं ताणून सांगतोय.

आता पाइप. आम्ही ते बारवर टेकवले, मागचा भार फाळक्यावर ठेवला आणि पट्ट्यांनी बांधले. सपाट रस्त्यावर सगळं ठीक. खड्ड्यांचा रस्ता लागला की प्रत्येक आदळण्यासरशी बारवर येणारा जोर पाइपांच्या स्थिर वजनापेक्षा कितीतरी वाढतो, आणि जोरात ब्रेक मारला की पाइप पुढे सरकू पाहतात. तो धक्का बारच्या माथ्यावर बसतो. माथा पायापासून चांगला उंच, त्यामुळे नळी तरफेसारखी काम करते आणि सगळा ताण पाय आवळणाऱ्या चार बोल्टांच्या भोकांवर उतरतो. जोडीदाराच्या गाडीत पुढच्या बोल्टाभोवतीचा रंग तडकलेला आहे आणि वॉशरखालचा पत्रा किंचित खोल गेला आहे. तो पाइप आणि शिडी बारवरूनच नेत आला आहे. बारसोबतच्या पुस्तिकेत किती किलो चालतील याचा आकडा मुळात नाही. मी ज्या विक्रेत्याकडे चौकशी केली त्याने ‘भरपूर घेतो’ एवढंच सांगितलं. लेखी आकडा मागितला तर विषय बदलला. आकडा लिहून मिळत नसेल तर तो शून्य धरावा, असं मी ठरवून टाकलं.

स्टीलबद्दल एक गोष्ट हमखास चुकीची सांगितली जाते. दुकानात चुंबक लावून दाखवतात: चिकटलं नाही, म्हणजे ३०४, चांगल्या ग्रेडचं स्टेनलेस स्टील. पण कमी निकेल आणि जास्त मँगनीज असलेलं स्वस्त २०१ ग्रेडचं स्टीलही चुंबकाला फारसं दाद देत नाही. उलट अस्सल ३०४ ची नळी वाकवली की वाकलेल्या जागी थोडंफार चुंबक धरू शकतं. म्हणजे चुंबकाने या दोघांतला फरक कळत नाही. ग्रेड बिलावर लिहून घ्यावी. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. खाऱ्या हवेत मात्र त्यावरही तपकिरी डाग येतात, तिथे मॉलिब्डेनम असलेलं ३१६ बरं. जोडीदाराच्या बारची नळी आजही लख्ख आहे, पण वेल्डिंगच्या कडेला गंजाची रेघ धरली आहे. पावडर कोटिंग केलेल्या साध्या लोखंडी बारमध्ये हीच रेघ खालच्या बाजूला, डोळ्याआड येते. म्हणून घेताना बार उलटा करून पाहावा.

ब्रेक लाइटकडे फार कमी लोक लक्ष देतात. केबिनच्या मागच्या काचेवर उंचावर जो तिसरा ब्रेक लाइट असतो, त्याच्या बरोबर समोर बारची आडवी नळी येऊ शकते. कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा आणि मागच्या गाडीच्या चालकाच्या डोळ्यांच्या उंचीवरून पाहा. इथे नळी अर्धा दिवा झाकत होती. बारमध्ये स्वतःचा दिवा आहे हे चांगलं, पण त्याची वायर मागच्या दिव्याच्या वायरला चिमटा मारून जोडलेली होती. बऱ्याच नव्या गाड्या दिव्यांचा प्रवाह तपासतात. अशा जोडणीने डॅशबोर्डवर इशारा येऊ शकतो, आणि सांध्यात पाणी गेलं तर दिवा कधी बंद पडला ते चालकाला कळतही नाही. सील केलेला कनेक्टर असलेली वायरिंगच घ्यावी.

आतल्या आरशातून मागचं दृश्य त्या आडव्या नळीने कापलं जातं. सवय होते. वाऱ्याचा आवाज मला जाणवला नाही. केबिनच्या आडोशाला असल्याने असेल.

ज्यांना हौदा झाकायचा आहे त्यांनी बारआधी झाकण ठरवावं. गुंडाळणाऱ्या शटरची पेटी हौद्याच्या पुढच्या भिंतीशी बसते, म्हणजे बारचे पाय जिथे येतात तिथेच. काही बार त्या शटरच्या पट्टीवर बसतील असे बनवलेले असतात, बाकीचे बसत नाहीत. पूर्ण कॅनपी, म्हणजे हौद्यावरचं बंद छप्पर, लावायची असेल तर बारचा विचारच सोडावा. दोन्ही एका जागी राहू शकत नाहीत.

बसवतानाची एक गोष्ट मी स्वतः उभं राहून करून घेईन. केबिन आणि हौदा खराब रस्त्यावर वेगवेगळे हलतात, त्यामुळे बारचा कुठलाही भाग केबिनला टेकता कामा नये, आज उभ्या गाडीत नुसती फट दिसते म्हणून भागत नाही. पायाखाली रबर हवं, पत्र्याच्या आतून जाड प्लेट हवी. भोक पाडल्यावर कच्च्या कडेला झिंक प्रायमर लावून वाळू द्यावा आणि मगच बोल्ट घालावा. घाईत हे राहतं, आणि गंज तिथूनच चढतो. पहिल्या थोड्या प्रवासानंतर बोल्ट पुन्हा आवळावेत, कारण रबर दबतं आणि पकड सैल होते.

मी बार घेत नाहीये. माझा प्रश्न पाइपांचा आहे, आणि त्याला उत्तर म्हणजे हौद्याच्या तळाला, चासीच्या आडव्या दांड्यांजवळ बोल्ट होणारा, पुढे-मागे दोन्हीकडे उभे खांब असलेला रॅक. त्यावर किलोचा आकडा छापलेला मिळतो आणि भार पातळ भिंतींवर येत नाही. केबिनची काच वाचवायला पुढच्या बाजूला जाळी मिळते, तीही त्याच रॅकला जोडता येते.

पण तुमच्या हौद्यात पेट्या आणि पिशव्याच जात असतील, रात्री मागे काम करायला दोन दिवे टांगायचे असतील आणि गाडी देखणी दिसावी असं मनापासून वाटत असेल, तर खुशाल लावा. ग्रेड लिहून घ्या, ब्रेक लाइट तपासा, आणि त्यावर शिडी टेकवू नका. जोडीदाराला मी एवढंच सांगितलं आहे की बार राहू दे, पण तडकलेल्या बोल्टाखाली आतून मोठी प्लेट टाकून घे आणि पाइप माझ्या गाडीत दे.