आईसाठी घरात केलेली कामं: एक पावसाळा वापरून झाल्यावर

वयस्कर माणसासाठी घर बदलायचं म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला, सगळी सोय तळमजल्यावर करा आणि जिना विसरा. सांगलीच्या गावभागात राहणाऱ्याने हे ऐकायचं कसं? २०१९ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. आमच्या खालच्या खोल्या तेव्हाही बुडाल्या आणि २०२१लाही. आई ७८ वर्षांची, दोन्ही गुडघे कुरकुरतात, आणि हे घर सोडून कुठे जायला ती तयार नाही. म्हणून झोपणं आणि नहाणी खाली, पण जिना चढता आलाच पाहिजे, असं धरून काम काढलं.

एकूण खर्च दीड लाखाच्या थोडा वर. त्यातला जवळजवळ निम्मा जिन्यावर, आणि तो पुरेपूर वसूल झालाय. आधी एकाच बाजूला लाकडी कठडा होता, आता दोन्ही बाजूंना स्टीलचा गोल पाइप आहे. फॅब्रिकेटर दोन इंची पाइपावर अडून बसला होता, ‘भारदस्त दिसतो’ म्हणून. आईची मूठ त्यावर मिटेना, दीड इंचीच घेतला. पाइप शेवटच्या पायरीच्या पुढे फूटभर काढून घ्या, कारण पाय चुकतो तो तिथेच. खाली-वर दोन्हीकडून चालणारा दिवा लावलाय, शिवाय एक बॅटरीचा, कारण पाणी वाढलं की वीज आधी तोडतात. यंदा पातळी चढायला लागली तेव्हा मी ऑफिसात होतो. फोन केला तर आई औषधांचा डबा घेऊन केव्हाच वर जाऊन बसली होती. वर मलाच विचारते, ‘तू जेवलास का?’

नहाणीतले धरायचे बार हजार-बाराशेला एक. सगळ्यात स्वस्त काम आणि रोज सगळ्यात जास्त वापर याचाच. पण बसवणारा माणूस आपल्या अंदाजाने उंची ठरवून मोकळा होतो. आम्ही आईला कमोडवर बसवलं, उठताना हात आपोआप जिथे गेला तिथे टाइलवर पेन्सिलने खूण केली. ती त्याच्या मापापेक्षा बरीच खाली आली. त्याने प्लास्टिकचे प्लग ठोकले, आमची भिंत चार इंची विटांची आणि जुनी, महिन्याभरात बार हलायला लागला. मग आरपार बोल्ट घालून पलीकडून लोखंडी पट्टी लावली. आता मी लोंबकळलो तरी हलत नाही. दार बाहेर उघडणारं करून घेतलं. आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं.

घसरू नये म्हणून घेतलेल्या खरबरीत टाइल्सना मात्र मी निम्मेच गुण देईन. साबणाचा थर खाचांत बसतो आणि ब्रशने घासलं नाही तर त्याच टाइल्स घसरतात. कामाच्या मावशी रोज एकदा तरी त्यांचा उद्धार करतात.

रॅम्प केला नाही. उंचीच्या एका इंचाला एक फूट लांबी लागते. आमचं जोतं पंधरा इंच, म्हणजे पंधरा फूट, आणि अंगण आठ फुटांचं. दोन उंच पायऱ्या फोडून तीन बुटक्या केल्या, कडेला पाइप लावला, भागलं.

पैशांचं म्हणाल तर आईची एफडी मोडायची नव्हती. मुदत संपायला थोडेच महिने होते आणि आधी मोडली तर बँक व्याज कापते. त्याच एफडीवर कर्ज घेतलं. व्याजदर एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त असतो, पण एफडी तशीच चालू राहते. बँकेत रिव्हर्स मॉर्गेजचाही, म्हणजे राहतं घर तारण ठेवून बँकेकडून पैसे घ्यायचा, विषय निघाला. साठीनंतर ते मिळतं, पण घर निर्वेध स्वतःच्या नावावर हवं. आमच्या प्रॉपर्टी कार्डावर दोन चुलत्यांची नावं, त्यामुळे तो विषय चहा संपायच्या आत संपला. शेजारच्या आजींना मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून तीन हजार खात्यावर आले (वय ६५च्या पुढे आणि कुटुंबाचं उत्पन्न दोन लाखांच्या आत लागतं), त्यात त्यांनी कमोड खुर्ची आणली. मेडिक्लेमकडून अशा बांधकामाची आशा ठेवू नका.

वरच्या संडासात अजून उकिडवं बसायचं जुनं भांडंच आहे. पूर आला तर आईला वरच राहायचंय, म्हणजे तिथे कमोड हवाच. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेचं व्याज तिमाहीला येतं. जानेवारीचं आलं की प्लंबरला बोलावणार आहे.